जायच्या आधीचा मुक्काम

“हे माझगावच्या जवळ आहे का गो?”

आईनं हे चौथ्यांदा विचारलं तेव्हा मी अकरावं हॉटेल बघत होते आणि माझा पारा चढायला लागला होता.

“आई, माझगावात काय ठेवलंय? बोट सुटणार बॅलार्ड पिअरवरून. तिथून जवळ नको का बघायला?”

“माझगाव तिथनं लांब नाही.”

“तुला कुणी सांगितलं?”

“असंच, ऐकलंय,” ती म्हणाली आणि चष्मा काढून पदरानं पुसत बसली.

आमच्या घरी सहल ठरली की हॉटेल मी बघायचं हा ठरलेला कायदा. आमचे हे म्हणायचे, लग्नाला मुलगा बघताना तुझ्या आईनं एवढी चौकशी केली नसेल. मी खरंच तशी आहे. खोलीचे फोटो बघायचे, लोकांनी काय लिहिलंय ते वाचायचं, गरम पाणी किती वाजेपर्यंत, नाश्ता धरून की वेगळा, सगळं फोन करून विचारायचं. कऱ्हाडला सहकारी बँकेत तेवीस वर्षं काढल्यावर माणूस असाच होतो. त्यात ही सहल साधीसुधी नव्हती. मुंबईहून गोव्यापर्यंत आणि परत, तीन रात्रींची क्रूझ. आमच्या बँकेतल्या करंदीकर मॅडम जाऊन आल्या होत्या आणि महिनाभर दुसरं काही बोलत नव्हत्या.

आईला मी भीत भीतच विचारलं होतं. कारण माझे वडील बोटीवर खलाशी होते आणि मी चार वर्षांची असताना बोटीवरच गेले. एडनच्या पुढं कुठंतरी ताप आला, तीन दिवसांत संपले, आणि त्यांना तिथंच समुद्रात सोडलं. गावात आली ती फक्त तार. त्यानंतर सहा महिन्यांत आईनं दाभोळच्या खाडीकाठचं ते सासर सोडलं आणि मला घेऊन कोयनेला मामाकडं आली. बालवाडीत मदतनीस म्हणून लागली, मला शिकवलं. सासरच्या गावी ती परत कधी गेली नाही, मलाही जाऊ दिलं नाही. मला एवढंच माहीत होतं, की त्या लोकांनी तिला राहू दिलं नाही. का, ते ती सांगायची नाही. समुद्र तर तिला टीव्हीवरसुद्धा चालायचा नाही.

म्हणून मला वाटलं होतं, ही नाहीच म्हणणार. तर ती म्हणाली, “आदल्या दिवशी मुंबईत राहावं लागेल का?”

“हो, एक रात्र.”

“मग जाऊ या.”

इतक्या सहज हो म्हणाली म्हणून मी अख्ख्या बँकेला पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. आईच्या मनातली भीती अखेर गेली, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. शहाणीच होते.

शेवटी मी कुलाब्याचं हॉटेल ठरवलं. पाचवा मजला, खिडकीतून समुद्र, नाश्ता धरून. माझगावच्या बाजूला मी एक-दोन हॉटेलं बघितली, पण ज्यानं त्यानं लिहून ठेवलं होतं की खोल्या कोंदट आहेत आणि लिफ्ट बंद असते. आईचे गुडघे दुखणारे. मी तिला फोटो दाखवले. तिनं बघितले आणि म्हणाली, “छान आहे की. पण लांब पडेल.”

“कशाला लांब पडेल?”

“काही नाही. तू ठरवशील ते.”

नवरात्र उलटल्यावर आम्ही निघालो. मुंबईत दुपारी दोनला पोचलो. खोली अगदी फोटोतल्यासारखी निघाली, माझी छाती दोन इंच फुगली. पडदे सरकवून मी म्हटलं, “बघ आई!” समोर पाणी चकाकत होतं, लहान लहान लाँचा जात-येत होत्या. आईनं खिडकीकडं पाठ करून खुर्ची ओढली आणि बसली. चहा आला, तो तिनं घेतला. मग पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढून माझ्या हातात दिला.

कागदावर माझगावचा पत्ता होता. चाळीचं नाव, दुसरा मजला, खोली एकवीस.

“हे काय?”

“आपल्या गावकीची खोली. तुझ्या वडलांच्या गावची. बोटीवर जाणारी सगळी माणसं आधी तिथं उतरायची. प्रत्येकाची ट्रंक, वळकटी तिथंच असायची. बोट लागली की तिथनंच जायची.” ती एका दमात बोलली, जणू पाठ करून आली होती. “तिथं आता धाकू आग्रे असतात. खोली तेच सांभाळतात. हे शेवटचे गेले तेव्हा धाकू त्या खोलीत होते. मला त्यांना एक विचारायचंय.”

“तुला कुणी सांगितलं हे सगळं?”

“शेजारच्या रमाच्या लग्नात सासरकडची एक भेटली होती. तिनं पत्ता दिला.” कप खाली ठेवून म्हणाली, “मी कार्ड टाकलंय त्यांना. आज पाच वाजता येते म्हणून.”

पोस्टकार्ड अजून मिळतं हेच मला माहीत नव्हतं. माझ्या नकळत ही बाई पोस्टात जाऊन आली होती. मला हसू यायला हवं होतं, पण आला तो राग.

“म्हणजे तू क्रूझसाठी हो म्हणालीच नव्हतीस.”

“तसं नाही गो.”

“मग कसं? काय विचारायचंय त्यांना?”

“ते त्यांनाच विचारीन.”

“आई, त्या लोकांनी तुला घराबाहेर काढलं. चार वर्षांची पोर काखेत मारून तू निघालीस. चव्वेचाळीस वर्षांत एकानं ‘जिवंत आहेस का’ म्हणून विचारलं नाही. आणि आता आपणहून त्यांच्या दारात जाणार तू? कशासाठी?”

“धाकूनं काही केलं नव्हतं.”

“आणि तिथं बायकांना येऊ देतात का? गावकीच्या खोलीत?”

“नाही देत,” ती म्हणाली. “मी दारात उभी राहून विचारीन.”

तिथंच माझं डोकं फिरलं. माझी आई, जिच्यासाठी मी महिनाभर डोळे फोडून हे हॉटेल शोधलं होतं, ती माझगावच्या कुठल्याशा चाळीच्या जिन्यात, दुखरे गुडघे घेऊन, दारात उभी राहणार. आत या म्हणायचीही सोय नाही अशा दारात. मला ते चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मी सरळ नाही म्हणून टाकलं.

“नाही. आज नाही. प्रवासानं तू दमलीयस. उद्या एक वाजता बोटीवर हजर व्हायचंय. हवं तर परत आल्यावर जाऊ. दहा मिनिटांसाठी.”

“परत आल्यावर नको, शैले. जायच्या आधी हवं होतं.”

“काय फरक पडतो? धाकू काका कुठं पळून जाणार आहेत?”

आईनं आयुष्यात माझ्याकडं फार थोड्या गोष्टी मागितल्या. ही मागत होती हे मला कळत होतं, अगदी कळत होतं. पण माझी मान वाकेना. मी रिमोट घेऊन टीव्ही लावला. साडेचारला आईनं साडी बदलली, केस नीट केले, आणि पिशवी मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसली. पाच वाजले. साडेपाच वाजले. सहाला उठून तिनं पिशवी कपाटात ठेवली आणि मला म्हणाली, “खाली जेवण किती वाजता मिळतं?”

“साडेसातला.”

“बरं.”

मी मनातल्या मनात म्हटलं, चला, समजली.

दुसऱ्या दिवशी बोटीवर चढताना तिनं माझा दंड असा धरला होता की बोटं उमटली. बोट म्हणजे गावच होतं एक. गाणी काय, झुंबरं काय, लिफ्टमध्ये अत्तराचा वास. आई सगळीकडं माझ्यामागून चालली, जे दाखवीन ते बघितलं. वर डेकवर मात्र येईना. मीच ओढून नेलं. बोट सुटत होती, लोक फोटो काढत होते, मुंबई हळूहळू मागं सरकत होती. आई कठड्यापासून चार हात लांब, लोखंडी भिंतीला टेकून उभी राहिली आणि डोळे मिटून घेतले.

“बघ ना जरा, आई. एवढे पैसे घालून आलोय.” हे मी बोलले. आजही आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

“बघवत नाही गो,” ती म्हणाली. “ते ह्याच पाण्यात आहेत.”

“ते तिकडं एडनला, आई.”

“पाणी सगळं एकच ना?”

मग डोळे मिटूनच तिनं मला सांगितलं. चव्वेचाळीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते.

“त्या खेपेला ते अठरा महिन्यांच्या करारावर सही करून आले. मला वचन दिलं होतं, ह्या वेळी लवकर येईन म्हणून. मी लई चिडले. दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. चहा दिला, पाणी दिलं, तोंडातनं शब्द नाही काढला. निघायच्या दिवशीपण नाही. तुझा मुका घेतला त्यांनी, माझ्याकडं बघितलं. मी चुलीकडं तोंड करून बसले. ते निघाले. हमाल पुढं, ते मागं. पारापर्यंत पोचले असतील आणि माझ्यानं राहवलं नाही. तुला काखेला मारलं, धावत अंगणात आले, आणि ओरडले, ‘अहो, जपून जा!’”

तिनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

“बोटीवर जाणाऱ्या माणसाला मागनं हाक मारायची नसते, शैले. आमच्यात कुणी मारत नाही. जाणाऱ्यानं वळून बघायचं नाही नि राहिलेल्यानं बोलवायचं नाही. सासूनं येऊन माझ्या तोंडावर हात दाबला. पण बाहेर पडायचा तो शब्द पडला होता. ते वळले नाहीत. तसेच गेले. आणि तीन महिन्यांनी तार आली.”

“म्हणून तुला घालवलं त्यांनी?”

“हाकेनं खाल्लं म्हणाले. पांढऱ्या पायाची म्हणाले. म्हणू देत. मीपण तेच म्हणत होते.”

“आई! हाकेनं कधी माणूस मरतो का? ताप आला, औषध मिळालं नाही…”

“मला कळतं गो. बालवाडीत तीस वर्षं काढली, मला कळतं. मरण हाकेनं नाही येत. मला एवढंच विचारायचं होतं, त्यांना ऐकू गेली होती का. ऐकू आली असेल तर त्यांच्या मनात काय आलं असेल? अपशकुन केला बायकोनं, असंच मनात घेऊन गेले असतील. ते घेऊन तापात पडले असतील.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “धाकूला ठाऊक असणार. बोटीआधीचा मुक्काम त्यांचा तिथंच झाला. ऐकू गेली नव्हती असं धाकू म्हणाला असता, तर आज मी ह्या पाण्याकडं बघितलं असतं.”

मी तिला धरून खाली खोलीत नेलं. मी माफी मागितली. ती म्हणाली, “तुझा काय दोष? तुला मी सांगितलंच नव्हतं.” तीन दिवस तिनं गोळी घेऊन, भिंतीकडं तोंड करून काढले. गोव्याला उतरलीसुद्धा नाही.

आता तुम्ही म्हणाल, परत आल्यावर लगेच टॅक्सी करून माझगावला गेला असाल. मीही तेच म्हणाले असते. बोट सकाळी लागली, आईला उलट्या होत होत्या, कऱ्हाडची गाडी दुपारची. मी म्हटलं, आई, दिवाळीच्या सुट्टीत खास ह्याच कामासाठी येऊ. शब्द देते. ती म्हणाली, “येऊ.” दिवाळीत नणंदेकडचे पाहुणे आले. डिसेंबरात बँकेत तपासणी लागली. मग म्हटलं संक्रांत झाली की. आईनं एकदाही आठवण केली नाही. तिनं केली असती तर बरं झालं असतं, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालते, पण ती पडत नाही. आठवण करायची पाळी माझी होती. संक्रांतीनंतर तिला थंडी भरून आली, छातीत कफ झाला, दवाखान्यात आठवडाभर होती. एके दिवशी दुपारी मी तिला मोसंबीचा रस पाजत होते. दोन चमचे घेतले, तिसरा घेतला नाही. माझी आई गेली.

तेरावं झाल्यावर मी एकटी मुंबईला गेले. तो कागद तिनं परत तिच्या पिशवीत जपून ठेवला होता.

चाळ सापडली. खोली एकवीसचं दार उघडं होतं. भिंतीला ओळीनं लोखंडी ट्रंका, वर वळकट्या, दोरीवर लुंग्या. भर दुपार होती, आत एकच म्हातारे गृहस्थ स्टोव्हवर काहीतरी ढवळत होते. मी उंबऱ्याबाहेर थांबले.

“धाकू काका का?”

“होय. आपण?”

“मी शैला. अनंत आणि सुभद्रा शिरधनकरांची मुलगी.”

त्यांनी स्टोव्ह बंद केला. जवळ आले, माझं तोंड निरखून बघितलं. मग मागं वळून एक खुर्ची आणली आणि आत, खोलीच्या मधोमध ठेवली.

“ये. आत ये.”

“काका, बायकांना…”

“नियम गेला खड्ड्यात. तुझ्या आईचं कार्ड आलं त्या दिवशीच मी सगळ्यांना सांगून ठेवलं, शिरधनकरांची वहिनी येणार, ती आत येऊन खुर्चीवर बसणार. त्या दिवशी पोरांना बाहेर पिटाळलं, फरशी धुवून घेतली. आठपर्यंत वाट बघितली मी. का नाही आलात?”

“आम्ही… हॉटेल जरा लांब घेतलं होतं.”

“कुठं?”

“कुलाब्याला.”

“मग लांब कुठं? टॅक्सीनं वीस मिनिटं,” ते साधेपणानं म्हणाले. टोमणा मारायचा त्यांचा स्वभावच नव्हता. “असू दे. बस. मला तुझ्या आईला भेटायचं होतं. मी दोन वर्षांनी बोटीवरनं आलो, तोवर वहिनी माहेरी गेली म्हणाले. कुठं ते कुणी सांगेना. लई वर्षं एक गोष्ट तिला सांगायची राहिलीय.”

मी सांगायला आले होते की आई गेली. तोंड उघडलंही होतं. पण ते बोलायला लागले होते, आणि त्यांचा सुरकुतलेला चेहरा एकदम तरणा दिसायला लागला होता.

“शेवटच्या खेपेला अनंता आला ना, तो ह्याच दारातनं हसत आला. ट्रंक दाणकन टाकली नि म्हणाला, ‘धाकू, बोलली रे!’ मी म्हटलं, कोण बोलली? म्हणतो, ‘बायको. दोन दिवस तोंड शिवून बसली होती. मला वाटलं, आता अठरा महिने हे असंच घेऊन काढायचे. पारापर्यंत गेलो नि मागनं ओरडली, जपून जा म्हणून!’ आम्ही सगळे हबकलो. म्हटलं, मागनं हाक मारली? अरे, अपशकुन! तर म्हणतो कसा, ‘शकुन घाला तुमचे चुलीत. तिनं हाक मारली नसती तर माझा पाय बोटीवर पडला नसता.’”

“मग… मग ते वळले का नाहीत?”

“मीपण विचारलं. म्हणाला, ‘दारात म्हातारी उभी होती. मी वळलो असतो तर हाक ऐकली हे तिला कळलं असतं नि तिनं सुभद्रेला फाडून खाल्लं असतं. म्हणून ऐकली नाही असं दाखवून चालत राहिलो. खाडी येईपर्यंत एकटाच हसत होतो.’ त्या संध्याकाळी सगळ्या खोलीला त्यानं भजी-पाव चारला. इतका खुशीत गेलेला माणूस मी दुसरा बघितला नाही, पोरी.”

मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसले होते. समोरचं काही दिसत नव्हतं. काकांना वाटलं मी वडलांसाठी रडतेय. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पाणी आणून दिलं.

“वहिनी कशी आहे? तब्येत बरी ना?”

मी नुसती मान हलवली. कशी हलवली देव जाणे, त्यांनी ती होकाराची धरली.

“ह्या वयात जिना चढवायला नको तिला,” ते म्हणाले. “तूच सांग. पण सगळं सांग हां, काही गाळू नकोस. त्याला हाक ऐकू गेली होती म्हणावं, नि तो हसत गेला. एवढं आठवणीनं सांगशील ना?”

“सांगते, काका,” मी म्हटलं.